गणनभाराचे स्थलांतर : टाइम-शेअरिंगपासून फॉग कॉम्प्युटिंगपर्यंत

संगणकाचा इतिहास सहसा यंत्रांचा वाढता वेग आणि घटता आकार यांच्या आधाराने सांगितला जातो. त्या इतिहासाला आणखी एक धागा आहे, आणि तो म्हणजे एखादे गणनकाम कोणत्या यंत्रावर व्हावे, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे, या प्रश्नाचा. जवळचे यंत्र अपुरे पडते तेव्हा त्याच्यावरील काम अधिक समर्थ यंत्राकडे सोपवण्याला संगणकशास्त्रात ऑफलोडिंग, म्हणजे गणनभाराचे हस्तांतरण, असे म्हणतात. आणि ज्या यंत्राकडे काम सोपवले जाते त्याचा वेळ, त्याची स्मृती व त्याच्यापर्यंत पोहोचणारा मार्ग यांची अनेक मागणीदारांत वाटणी करण्याला संसाधन-व्यवस्थापन म्हणतात. २०१२ नंतर फॉग कॉम्प्युटिंग या नावाने जी अभ्यासशाखा उभी राहिली तिचे हे दोन मध्यवर्ती प्रश्न आहेत; परंतु त्यांची मुळे १९५० च्या दशकातील मोठ्या संगणकांच्या कक्षांपर्यंत जातात. या सहा दशकांचा आढावा घेतल्यास असे दिसते की टंचाई कधीच संपली नाही, ती फक्त एका संसाधनावरून दुसऱ्यावर सरकत गेली. आणि तिच्या प्रत्येक सरकण्याबरोबर हस्तांतरणाचा निर्णय अधिकाधिक लहान कामाविषयी होऊ लागला व माणसाच्या हातून प्रोग्रामच्या हाती गेला.

पहिल्या कालखंडात टंचाई होती ती यंत्राच्या वेळेची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे १९५७ मध्ये संगणन केंद्र सुरू झाले तेव्हा तेथील आयबीएम ७०४ या संगणकाचा दिवस तीन पाळ्यांत वाटलेला होता : एक पाळी एमआयटीची, दुसरी न्यू इंग्लंडमधील इतर महाविद्यालयांची आणि तिसरी खुद्द आयबीएम कंपनीची. संशोधकाने आपला प्रोग्राम छिद्रित पत्त्यांवर तयार करून खिडकीत द्यावा, चालकाने इतरांच्या कामांबरोबर त्याचा गठ्ठा करून तो यंत्रात घालावा आणि छापील उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी परत मिळावे, अशी ही गठ्ठा-प्रक्रियेची पद्धत होती. भारतातही तिचे रूप वेगळे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसवण्यात आला, आणि देशभरातील संशोधन संस्था व सरकारी कार्यालये आपले गणनकाम तेथे करून घेत असत. या व्यवस्थेत हस्तांतरणाचे एकक म्हणजे संपूर्ण काम होते, आणि ते पाठवावे की नाही, कोणाचे आधी घ्यावे, हे माणसे ठरवीत होती. यंत्र एक क्षणही रिकामे राहू नये, हा या पद्धतीचा एकमेव दंडक होता, आणि त्यासाठी माणसाने कितीही वेळ थांबावे लागणे गृहीत धरलेले होते.

हा दंडक उलटवण्याचे काम टाइम-शेअरिंगने, म्हणजे एकाच यंत्राचा वेळ लहान लहान तुकड्यांत अनेकांना वाटण्याच्या पद्धतीने केले. जॉन मॅकार्थी यांनी १९५९ मध्ये एमआयटीत एका टिपणाद्वारे तिचा पुरस्कार केला, आणि फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, संक्षेपाने सीटीएसएस, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीतील क्रमनियोजनाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व संसाधन-व्यवस्थापनाचा गाभा तीत आढळतो. कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीनुसार कामांच्या अनेक रांगा असत आणि त्यांना उतरता अग्रक्रम असे. नवे काम त्याच्या आकारमानानुसार एखाद्या रांगेत दाखल होई. वाट्याला आलेल्या कालखंडात ते पूर्ण झाले नाही, तर ते खालच्या रांगेत जाई, मात्र तेथे त्याला दुप्पट कालखंड मिळे. लहान कामे त्यामुळे झटपट उरकत, मोठ्या कामांना उशिरा का होईना पण सलग वेळ मिळे, आणि काम लहान आहे की मोठे हे आधी कोणाला विचारण्याची गरज उरत नसे, कारण कामाच्या वर्तनावरूनच ते यंत्राला कळत असे. वाटणीचा निर्णय माणसाकडून प्रोग्रामकडे जाण्याचा हा पहिला ठळक टप्पा होता.

मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभातील भाषणात याच्याही पुढचे चित्र मांडले होते : दूरध्वनीप्रमाणे गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून पुरवली जाईल आणि ग्राहक वापरापुरतेच पैसे देतील. १९६५ मध्ये एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून हाती घेतलेला मल्टिक्स प्रकल्प याच विचारातून निघाला; बेल प्रयोगशाळा त्यातून १९६९ मध्ये बाहेर पडली. त्याच दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्राने व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एका प्रत्यक्ष यंत्रावर अनेक स्वतंत्र आभासी यंत्रे चालवण्याची पद्धत विकसित केली. तेव्हा ती महागडे यंत्र वाटून घेण्याची युक्ती होती. पुढे चार दशकांनी तीच पद्धत काम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उचलून नेण्याचे साधन ठरली.

भार हलका करण्यासाठी मोठ्या यंत्राच्या शेजारी लहान यंत्र ठेवण्याची कल्पनाही याच सुमारास प्रत्यक्षात आली. अर्पानेट या संगणक-जाळ्याची आखणी चालू असताना, प्रत्येक केंद्रातील मुख्य संगणकावर संदेशवहनाचे काम लादले तर त्याचा बहुमोल वेळ वाया जाईल, अशी हरकत अनेक केंद्रांनी घेतली. १९६७ मध्ये वेस्ली क्लार्क यांनी त्यावर उपाय सुचवला, तो म्हणजे हे काम प्रत्येक ठिकाणी बसवलेल्या वेगळ्या लहान संगणकाकडे द्यावे. इंटरफेस मेसेज प्रोसेसर, अर्थात इम्प, या नावाने बीबीएन कंपनीने हनीवेल डीडीपी-५१६ या लघुसंगणकावर ते यंत्र उभारले, आणि २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला तो अशाच दोन यंत्रांमार्फत. आजचे राउटर, म्हणजे जाळ्यातील वाहतुकीला दिशा देणारी यंत्रे, याच परंपरेतील आहेत. आणि पुढे फॉग कॉम्प्युटिंगने त्या राउटरवरच सामान्य गणनकाम चालवण्याचा विचार मांडला, हे लक्षात घेता इम्पला त्या विचाराचा पूर्वज मानणे योग्य ठरते.

यंत्रे स्वस्त होत गेली तशी यंत्राच्या वेळेची टंचाई ओसरली. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आल्यानंतर गणनशक्ती टेबलाटेबलावर विखुरली गेली, आणि तिच्याबरोबर एक नवी उधळपट्टीही आली, कारण हे संगणक दिवसाचा बराच काळ रिकामे पडून राहात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉन्डोर या प्रणालीने, जिचे वर्णन १९८८ मध्ये मायकेल लिट्झको, मिरॉन लिव्हनी आणि मॅट मुटका यांनी प्रसिद्ध केले, असे रिकामे संगणक हेरून त्यांच्यावर इतरांची कामे चालवण्यास सुरुवात केली. तिचा एक नियम महत्त्वाचा होता : संगणकाचा मालक परत येऊन काम करू लागताच पाहुण्या कामाने जागा सोडावी, आणि सोडताना आपली अवस्था नोंदवून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर ते तेथून पुढे सुरू करता यावे. दुसऱ्याच्या संसाधनावर काम पाठवताना मालकाचा हक्क पहिला, हे तत्त्व येथे यंत्रणेतच गोवलेले होते. मे १९९९ मध्ये बर्कली येथून सुरू झालेल्या सेटी-ॲट-होम या प्रकल्पाने तर केंद्राचे काम जगभरच्या घरगुती संगणकांकडे वाटले, म्हणजे हस्तांतरणाची नेहमीची दिशाच त्याने उलटी केली.

१९९० च्या दशकात टंचाई जाळ्याकडे सरकली. वर्ल्ड वाइड वेबवरील गर्दीमुळे दूरच्या केंद्रातून पाने मिळण्यास होणारा विलंब हा १९९५ च्या सुमारास गंभीर प्रश्न झाला होता, आणि एमआयटीतील टॉम लेटन व डॅनियल ल्यूइन यांच्या संशोधनातून १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी स्थापन झाली. मजकुराच्या प्रती वापरकर्त्यांच्या जवळच्या सर्व्हरांवर ठेवून तेथूनच त्या पुरवणे, असा तिचा मार्ग होता. जाळ्याच्या कडेला, म्हणजे वापरकर्त्यालगतच्या टोकाला, संसाधने नेण्याचा व्यापारी पातळीवरील हा पहिला मोठा प्रयोग होता, मात्र तेथे नेला जात होता तो मुख्यतः साठवलेला मजकूर; गणन अजून केंद्रातच होत होते.

गणनच हलवण्याची निकड निर्माण केली ती हातात बाळगण्याच्या यंत्रांनी. येथे टंचाईचे केंद्र बॅटरी हे होते, आणि ही टंचाई पूर्वीच्या टंचायांपेक्षा चिवट होती, कारण चिपच्या वेगाप्रमाणे बॅटरीची क्षमता झपाट्याने वाढत नव्हती. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात अध्यापन करणारे महादेव सत्यनारायणन यांनी ऑगस्ट २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सायबर फोरेजिंग ही कल्पना मांडली : दुबळ्या फिरत्या यंत्राने आपल्या परिसरात त्या वेळी उपलब्ध असलेल्या समर्थ संगणकांचा शोध घ्यावा आणि जड काम तात्पुरते त्यांच्याकडे सोपवावे. यामुळे हस्तांतरण ही कायमची मांडणी न राहता प्रसंगानुसार घ्यावयाचा निर्णय झाला, आणि असा निर्णय क्षणाक्षणाला घेणे माणसाला शक्य नसल्याने तो प्रोग्रामनेच घेणे भाग होते.

२००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि गणन या दोन्ही सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि मॅकार्थी यांचे चित्र क्लाउड कॉम्प्युटिंगच्या रूपाने साकार झाले. फोनमधील काम क्लाउडकडे पाठवता येते, हे आता उघड होते. प्रश्न होता तो नेमके कोणते काम पाठवावे हा. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या सहभागाने मांडण्यात आलेल्या माउई या प्रणालीत प्रोग्राम लिहिणाऱ्याने केवळ कोणती कार्ये दूर चालवता येण्याजोगी आहेत एवढे दाखवून द्यावयाचे असे. प्रत्येक कार्याला लागणारी ऊर्जा, पाठवावयाच्या माहितीचे आकारमान आणि जाळ्याची त्या वेळची स्थिती यांची मोजमापे घेऊन कोणते कार्य कोठे चालवावे हे प्रणाली स्वतः ठरवी. २०११ मधील क्लोनक्लाउडने फोनची हुबेहूब प्रतिकृती क्लाउडमध्ये ठेवून चालू प्रोग्रामचा काही भाग मध्येच तेथे नेण्याची सोय केली. गठ्ठा-प्रक्रियेपासून येथपर्यंत हस्तांतरणाचे एकक संपूर्ण कामावरून प्रोग्राममधील एका कार्यापर्यंत आले होते.

या निर्णयामागील हिशेब कार्तिक कुमार आणि युंग-श्यांग लू यांनी २०१० मधील एका लेखात सुबोध रीतीने मांडला आहे, आणि त्याचे सार एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येते. एका कॅमेऱ्याने टिपलेल्या २ मेगाबाइटच्या छायाचित्राचे विश्लेषण त्याच्याच चिपवर करण्यास ४ सेकंद लागतात आणि दहापट वेगवान सर्व्हरला ०.४ सेकंद लागतात, असे धरले. तर सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून ते छायाचित्र, म्हणजे १६ मेगाबिट, पाठवण्यास १.६ सेकंद लागून एकूण काम २ सेकंदांत होते आणि हस्तांतरण फायद्याचे ठरते. तीच जोडणी सेकंदाला २ मेगाबिटपर्यंत मंदावली, तर पाठवण्यातच ८ सेकंद जातात आणि काम जागीच करणे शहाणपणाचे ठरते. जोडणी पहिल्यासारखी वेगवान आहे, परंतु छायाचित्र पोहोचले तेव्हा सर्व्हरपुढे तशीच पाच कामे रांगेत आहेत, असे मानले, तर २ सेकंदांची प्रतीक्षा वाढून एकूण वेळ बरोबर ४ सेकंद होतो आणि फायदा शून्यावर येतो. माहिती थोडी आणि गणन फार असलेले काम, उदाहरणार्थ बुद्धिबळातील पुढची चाल शोधणे, पाठवावे, आणि माहिती फार पण गणन थोडे असलेले काम जागीच ठेवावे, हा सर्वसाधारण नियम यातून निघतो. मात्र उदाहरणातील तिसरी स्थिती अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे निर्णय केवळ स्वतःच्या कामावर अवलंबून राहात नाही, तर इतरांनी काय ठरवले यावरही अवलंबून राहतो.

क्लाउडच्या बाबतीत रांगेपेक्षा अंतराची अडचण मोठी होती. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ॲमेझॉनचे आशियातील पहिले क्लाउड-क्षेत्र २०१० मध्ये सिंगापूर येथे सुरू झाले, आणि मुंबईचे क्षेत्र जून २०१६ मध्ये. या मधल्या काळात मुंबईतून सिंगापूरपर्यंतच्या सुमारे ३,९०० किलोमीटरच्या सरळ अंतराची जाऊन-येऊन फेरी घेण्यास, यंत्रांचा वेळ मुळीच न धरता, किमान ३९ मिलिसेकंद लागत. पैसा किंवा कौशल्य वापरून हा आकडा कमी करता येत नाही. त्यासाठी यंत्रच जवळ आणावे लागते. सत्यनारायणन यांनी परमवीर बहल, रामोन कासेरेस आणि नायजेल डेव्हिस यांच्यासह २००९ मध्ये मांडलेल्या क्लाउडलेट या संकल्पनेचा हाच आधार होता. कॉफीगृहासारख्या ठिकाणी एक लहानसा सर्व्हर असावा, फोनने आपल्या व्हर्च्युअल मशीनचा केवळ वेगळा असलेला भाग त्याला द्यावा, आणि सर्व्हरवर आधीच असलेल्या मूळ साच्याशी तो जोडून काम सुरू व्हावे, अशी ती योजना होती.

क्लाउडलेटमागे एका वापरकर्त्याची गरज होती. तर फॉग कॉम्प्युटिंगमागे शहरे, वाहने आणि वीजजाळी यांची होती. ऑगस्ट २०१२ मध्ये हेलसिंकी येथील एका कार्यशाळेत सिस्को कंपनीतील फ्लाव्हिओ बोनोमी, रोडॉल्फो मिलिटो, जियांग झू आणि सतीश अड्डेपल्ली यांनी सादर केलेल्या निबंधात हे नाव पुढे आले. क्लाउड आणि टोकाची उपकरणे यांच्या मधल्या पट्ट्यात, जमिनीलगत पसरलेली, गणन, साठवण आणि संदेशवहन या तिन्ही सेवा देणारी व्यवस्था, असे तिचे स्वरूप त्यांनी सांगितले, आणि जोडलेली वाहने, स्मार्ट ग्रिड व संवेदकांची जाळी ही उदाहरणे दिली. त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा काळाच्या श्रेणीचा होता : यंत्राने यंत्राला तत्काळ द्यावयाचा प्रतिसाद अगदी जवळच्या फॉगमध्ये, काही सेकंद ते मिनिटे चालणारे काम त्याच्या वरच्या थरात, आणि दिवस-महिन्यांच्या माहितीचे विश्लेषण क्लाउडमध्ये. फॉग हा क्लाउडचा पर्याय नसून त्याचा खालचा थर आहे, हे त्यांनी प्रारंभीच स्पष्ट केले होते.

या पट्ट्यात मात्र आतापर्यंतच्या सर्व टंचाया एकत्र येतात. राउटर किंवा खांबावरील पेटीतील संगणकाची चिप दुबळी असते, स्मृती मोजकी असते, वीजपुरवठा मर्यादित असतो, उपकरणे निरनिराळ्या मालकांची आणि बनावटींची असतात, आणि वाहनासारखे ग्राहक मध्येच कक्षेबाहेर जातात. क्लाउडमध्ये मागणी वाढली तर आणखी यंत्रे जोडता येतात. फॉगमधील एका नोडला, म्हणजे जाळ्यातील एका गणनबिंदूला, तशी मुभा नसते. त्यामुळे हस्तांतरण आणि वाटणी हे दोन प्रश्न येथे अलग करता येत नाहीत. प्रत्येक उपकरणाने केवळ आपल्या फायद्याचा हिशेब करून जवळच्या नोडकडे धाव घेतली, तर रांग वाढून सर्वांचाच तोटा होतो. शू चेन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या स्पर्धेची खेळ-सिद्धांताच्या साहाय्याने मांडणी केली आणि केंद्रीय नियंत्रकाविना उपकरणे अशा संतुलनाला पोहोचू शकतात की तेथून एकट्याने निर्णय बदलण्यात कोणाचाच लाभ उरत नाही, हे दाखवले. कोणते काम कोणत्या नोडवर ठेवावे याचे सर्वोत्तम उत्तर शोधण्याचे प्रश्न बहुधा त्या कठीण वर्गात मोडतात, ज्यातील अनेकांची कठीणता रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये सिद्ध केली होती. म्हणून व्यवहारात पुरेसे चांगले उत्तर झटपट देणाऱ्या रीतींवर भर दिला जातो. अशा रीतींची तुलना करता यावी यासाठी मेलबर्न विद्यापीठातील राजकुमार बुय्या यांच्या गटाने आयफॉगसिम हे अनुकरण-साधन तयार केले, आणि या विषयावरील पुष्कळ संशोधन त्याच्या आधारे झाले आहे.

शास्त्राबरोबर संस्थात्मक बांधणीही झाली. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २०१४ च्या अखेरीस मोबाइल जाळ्यांच्या कडेवरील गणनासाठी गट स्थापला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एआरएम, सिस्को, डेल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि प्रिन्स्टन विद्यापीठ यांनी ओपनफॉग संघ उभारला. त्याचा २०१७ मधील संदर्भ-आराखडा २०१८ मध्ये आयईईई १९३४ या मानकाच्या रूपाने स्वीकारला गेला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने फॉगची संकल्पनात्मक व्याख्या प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये ओपनफॉग संघ औद्योगिक इंटरनेट संघात विलीन झाला. त्यानंतर एज कॉम्प्युटिंग, म्हणजे कडेवरील गणन, हा शब्द अधिक रूढ झाला असला, तरी मधल्या पट्ट्यातील मर्यादित साधनांची वाटणी हा प्रश्न नावाबरोबर बदललेला नाही.

या इतिहासाचे वर्णन केंद्र आणि कडा यांच्यामध्ये फिरणाऱ्या आवर्तनाचे म्हणून अनेकदा केले जाते. परंतु ते अपुरे आहे, कारण प्रत्येक टप्पा मागील टप्प्याचे तत्त्व सोबत घेऊनच पुढे गेला. सीटीएसएसच्या रांगा फॉगमधील नोडवर आहेत, इम्पचा विचार राउटरमध्ये आहे, व्हर्च्युअल मशीनचा वारसा क्लाउडलेटमध्ये आहे, आणि मालकाला प्रथम हक्क देणारा कॉन्डोरचा नियम खासगी मालकीच्या उपकरणांना सामायिक व्यवस्थेत आणताना पुन्हा आवश्यक ठरतो. बदलले आहे ते निर्णयाचे ठिकाण. १९५७ मधील पाळ्यांची वाटणी करारात लिहिलेली होती आणि तिच्याविषयी तक्रार करता येत होती. आज चौकातील एका नोडवर रुग्णवाहिकेसाठी सिग्नल मोकळा करण्याचे काम आणि दुकानातील जाहिरात-फलकाचे काम एकाच वेळी आले, तर कोणते आधी घ्यावे हे मिलिसेकंदांत ठरते आणि ते ठरवणारा अग्रक्रम कोणी तरी आधीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेला असतो. म्हणून टंचाईच्या वाटणीचे नियम हा केवळ अभियांत्रिकीचा तपशील मानता येत नाही. कॉर्बातो यांनी आपली रीत १९६२ मध्ये सर्वांना तपासता येईल अशी खुली मांडली होती; सार्वजनिक रस्ते, वीज आणि आरोग्य यांच्याशी निगडित फॉग-व्यवस्थांचे अग्रक्रमही तितकेच खुले असावेत आणि नागरिकांना त्यांवर हरकत घेता यावी, ही मागणी या इतिहासातूनच न्याय्य ठरते.